शिट्टी झाली तरी बसायचं नाही

लोटन पाटील हुतुतू शिकला तो तुरुंगात, आणि हे तो कुणालाही छातीठोकपणे सांगायचा. तुरुंगाचं नाव निघालं की लोक उगाच खोकतात, पावसापाण्याच्या गोष्टी काढतात. लोटनचं तसलं काही नव्हतं. "मी तीन वरीस सरकारना जावई व्हतू," असं म्हणून तो समोरच्याकडे तंबाखू मागायचा, आणि समोरच्याची पंचाईत व्हायची. द्यावी तर चार लोक बघणार, न द्यावी तर हा दांडगा गडी मांडीला मांडी लावून बसलेला.

त्याचा गुन्हाही काही लाजून लपवण्यासारखा होता असं त्याला वाटत नसे. चुलतभाऊ सुपडूनं बांध वीतभर कोरला, लोटननं सुपडूचा हात मोडला. तापीकाठच्या गुजर पाटलांमध्ये बांधावरून डोकी फुटणं नवीन नव्हतं. नवीन एवढंच, की सुपडूचा मेव्हणा कोर्टात कारकून होता. त्यामुळे वीतभर बांधापायी लोटनला हातभर शिक्षा झाली.

तुरुंगात त्याला हवालदार रायसिंग भेटला नसता तर तो आणखी दोनतीन हात मोडून शिक्षा वाढवूनच बाहेर आला असता. रायसिंग शहाद्याकडचा रजपूत. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा, पण डोकं थंड. तरुण माणसं दिवसभर दळण दळतात आणि संध्याकाळी एकमेकांच्या नरड्याला लागतात, हे त्यानं पाहिलं होतं. जेलरसाहेबांच्या मागे लागून त्यानं अंगणात एक रेघ ओढून घेतली आणि कैद्यांना हुतुतू खेळायला लावलं. बाकीचे शिपाई हसले. चोरांना पळायला आणि निसटायला शिकवतोय, आता कुलपं उघडायलाही शिकवा म्हणावं, असं ते म्हणाले. रायसिंगनं मनावर घेतलं नाही.

पहिल्याच दिवशी लोटनला तिघाचौघांनी पकडून खाली दाबलं, आणि लोटननं त्यातल्या एकाच्या तोंडावर ठोसा ठेवून दिला. रायसिंगनं त्याला बाहेर काढलं आणि पुढचा महिनाभर रेघेच्या कडेला नुसतं बघत बसवलं. शिव्या नाहीत, मार नाही. महिना संपल्यावर एवढंच म्हणाला, "राग आला की दम तुटतो, लोटन. आणि दम तुटला की गडी मेला."

हे बोलणं लोटनच्या हाडात शिरलं, कारण ते खरं होतं. ओठात हुतुतू घोळवत पलीकडे जायचं, चार जण अंगावर पडले तरी दम सोडायचा नाही, रेघेकडे सरकत राहायचं. चिडला तो संपला. वर्षभरात लोटन संघाचा म्होरक्या झाला. त्याच्या हाताखाली तळोद्याकडचा झिपरू आला, धान्याच्या कोठारात उंदरासारखा शिरणारा, अंगानं काडी पण दमाचा पक्का. विसरवाडीचा उदेसिंग आला, दरोडेखोरांची गाडी हाकली म्हणून आत गेलेला, बैलाएवढा माणूस आणि स्वभावानंही बैलच. इतरही होते. जी माणसं रात्री एकमेकांची भाकर चोरत, ती संध्याकाळी हातात हात धरून साखळी करत आणि धरलेला हात सोडत नसत. रायसिंगला हवं होतं ते हेच.

बाहेर आल्यावर मात्र हुतुतू कोण विचारतो? लोटनच्या थोरल्या भावानं त्याचं शेत कसायला घेतलं होतं आणि परत द्यायची वेळ आली तसा तो बहिरा झाला. लोटनची बायको दगूबाई दिराच्या दारात टोमणे खात बसणारी नव्हती. ती कधीच नंदुरबारला जाऊन हुकमीचंद सेठच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागली होती. कापसातला काडीकचरा वेचायचा आणि सुटी झाली की पत्र्याच्या खोलीत चूल पेटवायची. लोटन तिथं आला. बायकोच्या कष्टाची भाकर त्याला गोड लागेना. तो दारोदार फिरला. नाव विचारत, गाव विचारत, आणि मधली तीन वर्षं कुठं होतास असं विचारलं की हा बेधडक खरं सांगे. मग फाटक बंद होई.

"जरा खोटं बोलाले काय जास तुमनं?" दगूबाई एकदा म्हणाली.

"खोटं बोलनू ते ध्यानमा ठेवनं पडस," लोटन म्हणाला. "खरं आपलं आपुन ऱ्हास."

त्यानं वेगळाच बेत केला. झिपरू, उदेसिंग आणि इतर सुटलेले गडी यांची गत तीच होती. त्यांना त्यानं निरोप धाडून गोळा केलं आणि एक दिवस थेट हुकमीचंद सेठच्या पेढीवर जाऊन उभा राहिला. सेठ मूळचा मारवाडातला, पण बापजाद्यांपासून नंदुरबारला राहिलेला, आणि अहिराणी अशी बोलायचा की डोळे मिटून ऐकलं तर पाटीलच वाटावा. त्याला दोन नाद होते, जीन आणि हुतुतू. गावातल्या तालमीचा संघ त्यानंच पोसला होता.

लोटन म्हणाला, "सेठ, सारंगखेडानी जत्रामा तुमना संघसंगे आमी खेळसूत. जिंकनूत ते आमले जिनमा काम द्या. सगळास्ले."

सेठला ही मागणी ऐकून मौज वाटली. चोर-दरोडेखोर आपल्या संघाला हरवणार, ही कल्पनाच त्याला झेपेना. "जिंकशात ते देसू," तो पान चघळत म्हणाला. "हारनात ते परत मन्हा दारमा पाय ठेवाना नही."

लोटनला हरण्याची भीती नव्हती. आपल्या गड्यांसारखा संघ त्यानं पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर साऱ्या खानदेशानं पाहिला नव्हता.

सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे विकायला येतात आणि माणसं घोडे बघायला येतात, पण त्या दिवशी दुपारी निम्मी जत्रा तापीकाठच्या मैदानाभोवती लोटली. कैद्यांचा संघ खेळणार ही बातमी कुठल्याही घोड्यापेक्षा भारी होती. सेठ गादी टाकून बसला होता, शेजारी सुरतेचे दोन व्यापारी पाहुणे. पंच म्हणून शाळेचे एक मास्तर होते. कडक इस्त्रीचे, गळ्यात चकचकीत शिट्टी अडकवलेले. गावोगावच्या सामन्यांत तोवर पंच तोंडानं ओरडायचे. शिट्टी ही नवी ऐट होती.

खेळ सुरू झाला आणि हसायला आलेले लोक गप्प झाले. झिपरू पलीकडे जाई, दोघांना शिवून पाण्यातल्या मासोळीसारखा निसटून येई. उदेसिंगनं एकदा मनगट धरलं की सेठचे तालीमबाज गडी हात सोडवायचं विसरून त्याच्या तोंडाकडे बघत. लोटन मधे उभा राहून सगळ्यांना सांभाळत होता. सेठच्या संघाचा शेवटचा गडी चढाईला आला तेव्हा लोटनच्या बाजूचे सारे जिवंत होते. त्याला धरलं की सामना संपला.

आणि त्यांनी त्याला धरलं. साखळी वळली, उदेसिंगनं कंबर पकडली, गड्याचा दम घशात घरघरायला लागला. एवढ्यात मैदानाच्या टोकाला एक घोडी दावं तोडून गर्दीत घुसली. माणसं रेटारेटी करत आत आली. तोवर तोंडानंच निकाल देणाऱ्या मास्तरांनी गर्दी हटवायला पहिल्यांदाच शिट्टी फुंकली.

शिट्टी झाली, आणि लोटनचे सगळे गडी खाली बसले.

जोडीजोडीनं, उकिडवे, हात गुडघ्यांवर, माना खाली. लोटनसुद्धा. बसल्यावर त्याला कळलं की आपण बसलो आहोत. तुरुंगात शिट्टी म्हणजे गिनती. शिट्टी झाली की असाल तिथं जोडीनं बसायचं, उशीर झाला तर पाठीवर वळ. रायसिंग खेळताना कधी शिट्टी वाजवत नसे, तोंडानंच ओरडे, म्हणून हे कधी घडलं नव्हतं. वर्षानुवर्षं गुडघ्यांनी जे पाठ केलं होतं ते गुडघे डोक्याला न विचारताच करून मोकळे झाले.

सेठचा गडी सुटला. त्याचा दम अजून टिकला होता. हुतुतू, हुतुतू करत तो त्या बसलेल्या जोड्यांमधून सावकाश चालत गेला आणि एकेकाच्या डोक्याला हात लावत गेला, अगदी वॉर्डर गिनती करतो तसा. मग रेघ ओलांडून त्यानं दम सोडला. मास्तर म्हणाले, शिट्टी गर्दीसाठी होती, खेळ थांबला नव्हता, सगळे मेले.

जत्रा हसली. घोड्यांचे सौदे सोडून लोक हसले. सुरतेच्या पाहुण्यांना तर श्वास घेता येईना, आणि सेठ गादीवर आडवा झाला. लोटनचं रक्त असं तापलं की मास्तरांची शिट्टी हिसकावून त्यांच्या घशात कोंबावी. पण त्यानं दम धरला. तो उठला, धोतराची माती झटकली आणि म्हणाला, "चला भो." यापेक्षा मोठी पकड त्यानं आयुष्यात केली नव्हती, असं माझं मत आहे.

नदीच्या वाळूत येऊन सगळे बसले ते मेल्यासारखे. उदेसिंग उघडपणे रडत होता. झिपरू म्हणाला, "लोटनभाऊ, माले जाऊ दे. कोठारमा शिरानं काम बरं शे. तठे कोनी हासत नही."

दगूबाई जत्रेला आली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती फडक्यातली भाकर सोडत म्हणाली, "हासनात ते हासू द्या. गाढवले गूळनी चव काय? मन्हं आयका."

मग तिनं सांगितलं ते सगळ्यांनी मान वर करून ऐकलं. जिनात रुईच्या गासड्या, म्हणजे दाबून बांधलेले गठ्ठे, करायचा प्रेस होता. लाकडाच्या मोठ्या पेटीत रुई भरायची, भोवती उभ्या हमालांनी ती हातांनी दाबायची, आणि मिस्त्रीनं शिट्टी वाजवली की सगळ्यांनी हात बाहेर काढायचे. मग वरून लोखंडी ठोकळा खाली येई. पण हमाल गाण्यात, गप्पांत दंग. शिट्टी एकाला ऐकू यावी, दुसऱ्याला येऊ नये. कुणाला वाटे, अजून एक मूठ कोंबावी. गेल्या महिन्यात पितांबर नावाच्या हमालाची बोटं गेली, त्याच्या आधी दुसऱ्या कुणाची. मिस्त्री काम सोडून जायची भाषा करत होता.

"एक शिट्टीवर सगळा गडी संगेच थांबनारा," दगूबाई म्हणाली, "सेठले दिवा लाईसन हुडकं तरी भेटाऊ नहीत. आनि तुम्ही रडी ऱ्हायनात."

लोटननं हाताची वाळू झटकली आणि म्हणाला, "थांबसूत. पन बसाऊत नही."

हे बोलायला सोपं होतं. नंदुरबारला परतल्यावर जिनामागच्या कोरड्या नाल्यात त्यांनी सराव सुरू केला, तेव्हा कळलं की गुडघे किती हट्टी असतात. शिट्टी दगूबाईच वाजवायची. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकलताना लहानपणी ती तोंडात बोटं घालून शिट्टी मारायला शिकली होती, आणि ती अशी काही मारायची की नाल्यावरून जाणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून थबकत. पाटलाघरची सून शिट्ट्या मारते! दगूबाई त्यांच्याकडे बघून आणखी एक मारी. आणि शिट्टी झाली रे झाली की गडी बसत. लोटन दात खाऊन उभा राहिला तरी बाकीचे बसत. दोन दिवस नुसती उठाबशी झाली.

तिसऱ्या दिवशी लोटनला सुचलं. गुडघ्यांना नको म्हणून सांगून उपयोग नाही, हातांना काम द्यायला हवं. "शिट्टी झायी का शेजारनानं मनगट धरानं," तो म्हणाला. "साखळी. खेळमा धरतस तशी. कोनी खाले जावाले लागना ते शेजारनानी त्याले वर ओढानं."

पहिल्या शिट्टीला निम्मे बसले आणि निम्म्यांना घेऊन आडवे झाले. हसू आलं, आणि त्या हसण्यानं सारंगखेड्याचं हसणं जरा धुतलं गेलं. मग हळूहळू साखळी उभी राहायला लागली. झिपरूचे गुडघे सगळ्यात वाईट. तो तुरुंगात सगळ्यांहून जास्त वर्षं होता. लोटननं त्याला उदेसिंगच्या शेजारी उभं केलं.

मग तो सेठकडे गेला. दारात पाय ठेवायचा नाही असं सेठनं बजावलं होतं, म्हणून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून बोलला. सेठला आधी हसू आलं. ते आवरून तो म्हणाला, "आनि चोरस्ले जिनमा लेऊ, ते मन्हा माल कोन सांभाळी?"

"सेठ, तुमना आठे बोटं चोरी जाई ऱ्हायनात," लोटन म्हणाला. "ती चोरी आमी थांबाडसूत. एक दिवस पाही ल्या. नही जमनं ते आमी आमना रस्ता धरसूत."

सेठचं हसू तिथंच विरलं. पितांबरची बायको रोज पेढीसमोर येऊन बसत होती, हे लोटनला माहीत होतं आणि सेठलाही. "उद्या सकायले या," सेठ म्हणाला.

सकाळी सगळे आले. मिस्त्रीनं त्यांना पेटीभोवती उभं केलं, काम समजावलं, रुई भरायला सुरुवात झाली. तेवढ्यात सेठ आला, आणि एकटा आला नाही. सुरतेचे तेच दोन पाहुणे बरोबर, आणखी चारपाच व्यापारी मागे. त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या गेल्या. लोटनला समजायचं ते समजलं. सेठ काम बघायला आला होता हे खरं, पण पाहुण्यांना तमाशा दाखवायलाही आला होता. कापूस वेचणाऱ्या बायका हात थांबवून बघू लागल्या. त्यांत दगूबाई होती.

"हा, मिस्त्री," सेठ म्हणाला.

मिस्त्रीनं शिट्टी फुंकली.

पेटीतले हात एका क्षणात बाहेर आले आणि प्रत्येक हातानं शेजारचं मनगट धरलं. झिपरूचे गुडघे वाकले. लोटननं ते पाहिलं. झिपरू निम्मा खाली गेला होता. उदेसिंगनं नुसतं मनगट वर उचललं, आणि झिपरू सरळ झाला. साखळी पेटीभोवती उभी होती.

खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली. एक पाहुणा सेठच्या कानाशी काही बोलला. सेठ लोटनला म्हणाला, "आरे, बसा ना. जत्रामा बसनात तसा. ह्या पाव्हना त्येच पाहाले येल शेतस."

"नही सेठ."

"एकदाव बसा. एकदाव बसनात ते काम पक्कं. मन्हा शबद शे."

एकदाच. लोटननं साखळीकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे होते, आणि त्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की तो म्हणाला तर ते बसतील. दोन वेळची भाकर, पोरांच्या अंगावर कपडा, गावात तोंड वर करून चालणं, सगळं एका बसण्यावर येऊन ठेपलं होतं. त्याला रागही आला नाही. दम अगदी शाबूत होता.

"सेठ," तो म्हणाला, "आमले बसाडानं काम सरकारनं व्हतं, त्ये फिटनं. आते आमी बससूत ते जेवाले. दुसरा कसाले नही. तुमले हात पाहिजेत का तमाशा, ते तुम्ही ठरावा."

सेठचा चेहरा लाल झाला. त्याच्याशी असं कुणी बोलत नसे, निदान हमाल तर नाहीच. मग मिस्त्री, जो इतका वेळ पेटीत वाकून बघत होता, तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "सेठ, पेटीमा पहा. एकबी हात नही."

सेठ खुर्चीवरून उठला. पेटीजवळ आला, आत पाहिलं, मग एकमेकांत गुंतलेल्या त्या हातांकडे पाहिलं. धरलेला हात पेटीत जाऊच शकत नव्हता. धंदा करणाऱ्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. त्यानं उदेसिंगचं मनगट हलवून पाहिलं. ते सुटलं नाही.

"हाई कोनी शिकाडं?" त्यानं विचारलं.

"हुतुतूनी," लोटन म्हणाला.

सेठनं मागे वळून पाहुण्यांना हात जोडले. "चहा पेढीवर लेसूत," तो त्यांना म्हणाला. मग मिस्त्रीकडे बघून म्हणाला, "काम चालू करा. यास्नी नावं लिखी ल्या, सगळास्नी."

ठोकळा खाली आला, पहिली गासडी बाहेर पडली, मग दुसरी. दर वेळी शिट्टी झाली, आणि दर वेळी झिपरूचे गुडघे थोडे कमी वाकले. बायका पुन्हा कापूस वेचू लागल्या. दगूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते कापसाच्या धुळीवर ढकलत होती.

दुपारी जेवणाचा भोंगा झाला. लोटनचे सगळे गडी जिनाच्या भिंतीच्या सावलीत आले, भाकरी सोडल्या, आणि ऐसपैस मांडी घालून बसले.